परक्या गावचा बाजारहाट : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत परदेशी वास्तव्य करणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे : नव्या गावातील रस्त्यावरचे बाजार आणि तेथील खाणे यांच्याशी ओळख कशी करून घ्यावी. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (इस्तंबूल) : पतीच्या नोकरीमुळे सहा महिन्यांपूर्वी आम्ही इस्तंबूलच्या आशियाई बाजूस, काडिकोय भागात राहावयास आलो. येथे दर मंगळवारी फार मोठा बाजार भरतो. मी चार वेळा तेथे गेले आणि चारही वेळा रिकाम्या पिशवीने परत आले. भाषा येत नाही, विक्रेते मोठ्याने ओरडत असतात, आणि मी गोंधळून शेवटी सुपरमार्केट गाठते. ही भीड कशी मोडावी?

उत्तर : पहिल्या वेळेनंतर आपण आणखी तीन वेळा गेलात, याचा अर्थ त्या बाजाराची आपल्याला ओढ आहे. आता एवढेच करावयाचे आहे, की पाचव्या वेळी बाजार ‘पाहावयास’ न जाता एकच ठरलेली वस्तू आणावयास जावे. टोमॅटो घ्या. वस्तू ओळखीची असल्यामुळे काय मागावे हा प्रश्न उरत नाही, भाव पाटीवर लिहिलेला असतो, आणि ‘यारिम किलो’, म्हणजे अर्धा किलो, एवढे दोनच शब्द पुरतात. तेवढे घेऊन घरी या. पुढच्या मंगळवारी त्याच विक्रेत्याकडे जा आणि टोमॅटोबरोबर दुसरी एक वस्तू घ्या.

ज्या ओरडण्याचा आपल्याला धसका बसतो, ते आपल्याला उद्देशून नसते. मालाचे नाव, भाव आणि ताजेपणाची ग्वाही यांचाच तो पुकारा असतो. दोनतीन आठवडे कान देऊन ऐकले, की त्यातील शब्द सुटे होऊन कळू लागतात, आणि भाज्यांची नावे व आकडे शिकण्यासाठी मला तरी याहून चांगली शाळा मिळाली नाही. मात्र सकाळी लवकर जावे. दुपारनंतर गर्दी इतकी वाढते की विक्रेत्याला मान वर करावयासही सवड नसते. सकाळी माल मांडून झालेला असतो, गिऱ्हाईक तुरळक असते, आणि चुकतमाकत बोलणाऱ्या नव्या माणसासाठी त्याच्याकडे दोन मिनिटे असतात.

तुर्की भाषेतील दोन वाक्ये आजच पाठ करावीत. काम करीत असलेल्या कोणालाही ‘कोलाय गेल्सिन’ म्हणतात. आपले काम सोपे जावो, असा त्याचा भाव आहे. गाळ्यापाशी जाताच हे म्हटले, तर आपण परक्या असूनही रीतीने वागणाऱ्या आहात हे समोरच्याला कळते. दुसरे वाक्य ‘एलिनिझे साअलक’, म्हणजे आपल्या हातांना आरोग्य लाभो. खाऊ घालणाऱ्याला हे म्हणावयाचे असते. पुढे धीर आला की ‘नासिल पिशिरिलिर’, म्हणजे हे कसे शिजवितात, असे विचारा. उत्तर शब्दांत कळणार नाही, परंतु हातांच्या खुणांत नक्की कळेल.

त्या शहरात राहत असताना मी जवळजवळ दोन महिने एकाच पालेभाजीवालीकडून फक्त कोथिंबीर आणि पालक घेत होते. तिसऱ्या महिन्यात तिने न मागता घोळीची एक जुडी माझ्या हातात ठेवली आणि ओंजळीत लसूण ठेचल्याची व दही कालवल्याची खूण केली. घोळीला तेथे ‘सेमिझोतू’ म्हणतात आणि ती कच्चीच दह्यात कालवून खातात, हे मला असे कळले. वसंत ऋतूत आर्टिचोक या काटेरी कळीसारख्या भाजीचे विक्रेते बसतात. ते समोरच भराभर काटेरी पाने छाटतात आणि आतील गर लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवतात, म्हणजे तो काळा पडत नाही. त्यांच्यापाशी काही न घेताही पाच मिनिटे उभे राहण्यास हरकत नाही. तेथे अनेक वस्त्यांतील बाजार वाराच्या नावाने ओळखले जातात : काडिकोयचा मंगळवारचा, फातिहचा बुधवारचा. आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे, की निदान दोन महिने तरी आपण मंगळवार चुकवू नये आणि दुसऱ्या कोणत्याही बाजाराच्या मागे लागू नये.

प्रश्न (पॅरिस) : आठवडी बाजारात मी पीच निवडण्यासाठी हात लावला, तेव्हा विक्रेत्याने मला सर्वांसमोर खडसावले. मी परदेशी असल्यामुळे असे झाले का? तेव्हापासून तेथे जाणे नकोसे वाटते.

उत्तर : आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तेथे जन्मलेल्या माणसानेही हात लावला असता तर बहुधा हेच ऐकले असते. फ्रान्समधील अनेक गाळ्यांवर फळ निवडण्याचे काम विक्रेत्याचे मानले जाते. पिकलेले फळ दहा जणांनी दाबून पाहिले तर अकराव्याच्या वाट्याला डागाळलेले येते, हे त्यामागचे साधे कारण आहे. जेथे गिऱ्हाइकाने स्वतः निवडावे अशी पद्धत असते, तेथे कागदी पिशव्या किंवा टोपल्या बाहेर ठेवलेल्या दिसतात.

या पद्धतीचा आपल्याला फायदा करून घेता येईल. आधी ‘बाँझूर’ म्हणावे. हा शब्द वगळून थेट मागणी करणे तेथे उद्धटपणाचे समजले जाते, आणि पुष्कळ परदेशी माणसांची पहिली चूक पीचला हात लावण्याची नसते, तर ही असते. मग खरबूज किंवा पीच मागताना ते केव्हा खावयाचे आहे, हे सांगावे. चांगला विक्रेता बहुधा स्वतःच विचारतो : आजसाठी की उद्यासाठी? आज रात्रीसाठी एक आणि रविवारसाठी एक असे सांगितले, तर तो हुंगून, देठापाशी पाहून दोन वेगळी फळे काढून देतो. फळाचे मूळ ठिकाण आणि प्रत पाटीवर लिहिलेली असते, आणि ‘प्रोद्युक्तर’ असा शब्द दिसला तर विकणारा स्वतः पिकवणारा आहे असे समजावे. बाकीचे बरेचसे विक्रेते घाऊक बाजारातून माल आणतात. पॅरिसचा घाऊक बाजार 1969 साली शहराच्या मध्यातून हलवून रुंजिस येथे नेण्यात आला. त्यात गैर काही नाही, परंतु स्वतः पिकवणाऱ्याकडे फळाविषयी बोलण्यासारखे अधिक असते. आपण त्याच विक्रेत्याकडे पुन्हा जावे, असे मी सुचवीन.

प्रश्न (बँकॉक) : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. घराखालीच गाड्यांवर सुंदर पदार्थ मिळतात, पण आजारपणाच्या भीतीने आम्ही त्याला तेथील काहीच देत नाही. ही खबरदारी योग्य की अतिरेकी?

उत्तर : खबरदारी योग्य आहे, ती चुकीच्या ठिकाणी घेतली जात आहे. अन्न रस्त्यावर आहे की छताखाली, यावर धोका फारसा अवलंबून नसतो. ते कितपत शिजले, शिजल्यावर किती वेळ आणि कोणत्या तापमानात राहिले, कोणत्या हातांनी व पाण्याने हाताळले गेले, यावर तो अवलंबून असतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी जे पाच नियम सांगितले आहेत, त्यांचा गाभा हाच आहे : स्वच्छता, कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवणे, अन्न पूर्ण शिजवणे, ते योग्य तापमानात ठेवणे, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित असणे. शिजवताना अन्नाच्या आतपर्यंत 70 अंश सेल्सिअस उष्णता पोहोचावी. शिजलेले अन्न 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड असावे. आणि या दोहोंच्या मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये.

हे मनात ठेवून आपल्या घराखालच्या गाड्यांकडे पाहा. ज्या गाडीवर कढई समोर पेटलेली आहे आणि मागणी आल्यावर पदार्थ परतून थेट ताटलीत येतो, ती मुलासाठी सर्वांत निर्धोक समजावी. नूडल्सच्या उकळत्या रश्शाची गाडीही तशीच. याउलट ‘खाव काएंग’च्या गाड्यांवर पहाटे शिजविलेल्या आमट्या व भाज्या पातेल्यांत मांडून ठेवलेल्या असतात आणि भातावर वाढून दिल्या जातात. अन्न उत्तम असते, परंतु तेथे सकाळी जावे, पातेली अर्धी रिकामी झालेल्या दुपारी जाऊ नये. भाताविषयी विशेष सांगते. शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात ‘बॅसिलस सीरियस’ नावाचा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. हा नियम गाडीइतकाच घरच्या पातेल्यालाही लागू आहे.

बर्फाची भीती पुष्कळांना वाटते. मधोमध भोक असलेले नळकांडीसारखे तुकडे असतील तर तो बर्फ कारखान्यात तयार झालेला असतो आणि सहसा चालतो. मोठ्या लादीतून फोडलेला बर्फ मुलाला देऊ नये. कापून ठेवलेल्या फळांऐवजी समोर सोललेले फळ घ्यावे. तिखटासाठी ‘माय फेत’, म्हणजे तिखट नको, असे सांगावे. तरीही पहिला घास आपण स्वतः खाऊन पाहावा, कारण तेथील ‘तिखट नाही’ पुष्कळदा आपल्या सहा वर्षांच्या मुलाच्या मानाने तिखटच असते. टेबलावरील चार वाट्यांत साखर, माशाचा सॉस, मिरचीची पूड आणि मिरची घातलेला व्हिनेगर असतो. प्रत्येकाने आपापल्या चवीप्रमाणे ते मिसळावे अशी तेथील रीत आहे, म्हणून मूळ पदार्थ मुलाला सौम्य मिळणे अवघड नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र ते थाई लिपीत लिहिलेले कार्ड जवळ हवे, कारण शेंगदाणा तेथे अनेक पदार्थांत दिसत नाही अशा रूपातही असतो.

हे सारे करूनही पोट कधीतरी बिघडेल. त्यासाठी घरात जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत आणि ती पाकिटावर सांगितलेल्या मापानेच पाण्यात मिसळावीत. शौचात रक्त दिसणे, जास्त ताप, पाणीही पोटात न टिकणे, लघवी फार कमी होणे किंवा मूल मलूल पडणे, यांतील एकही लक्षण दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न (तैपेई) : मी पूर्ण शाकाहारी आहे. सहकारी मला रात्रबाजारांत घेऊन जातात, पण मी फक्त फळांचा रस पिऊन परत येते. मला तेथे खाण्यासारखे काहीच नाही का?

उत्तर : आपण नेमक्या ज्या देशात आहात, तेथे शाकाहाराची परंपरा मोठी आहे. बौद्ध आचारामुळे अनेक जण कायम, आणि त्याहून कितीतरी अधिक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी, शाकाहार करतात. आपल्याला ‘सू’ हे एक चिनी अक्षर ओळखता आले पाहिजे. कोणाकडून तरी ते कागदावर मोठे लिहून घ्या. ज्या गाड्यावर किंवा दुकानावर ते दिसेल, तेथे शाकाहारी अन्न मिळते. कित्येक ठिकाणी शेजारी डावीकडे वळलेले स्वस्तिकही असते. तोंडी सांगताना ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी अन्न खाते, एवढे पुरते. ‘मांस नको’ असे सांगणे मात्र पुरत नाही. त्यावर आपल्या वाटीतील मांसाचे तुकडे काढले जातील, पण रस्सा हाडांचा राहील आणि उकडलेल्या पालेभाजीवर डुकराच्या चरबीचे चमचाभर तेल पडलेले असेल.

पाकीटबंद पदार्थांवरील शाकाहाराच्या खुणा तेथे 2009 पासून पाच प्रकारांत विभागलेल्या आहेत : शुद्ध वनस्पतिजन्य, अंडे असलेला, दूध असलेला, दूध व अंडे दोन्ही असलेला, आणि कांदालसूण वर्गातील भाज्या असलेला. बौद्ध आचारात कांदालसूणही वर्ज्य असल्यामुळे शेवटचा प्रकार वेगळा काढला आहे. आपण अंडे खात नसाल तर हा भेद वाचता येणे आवश्यक आहे.

रात्रबाजारात आपल्याला भाजलेल्या मोठ्या अळंब्या, रताळ्याचे तळलेले पोकळ गोळे, आणि ‘दौहुआ’ हा सोयाबीनच्या दुधाचा गोड, लुसलुशीत पदार्थ मिळेल. गोळ्यांच्या कढईत दुसरे काही तळले जाते का, ते पाहून घ्यावे. आंबवलेला, उग्र वासाचा टोफू पाहण्यात शाकाहारी वाटतो, परंतु त्याच्या मुरवणीत कोळंबी असू शकते. तेथे ‘सू’ हे अक्षर असल्याशिवाय खाऊ नये. खरे सांगावयाचे तर आपले पोट रात्रबाजारात भरणार नाही. ते दुपारच्या शाकाहारी भोजनालयांत भरेल, जेथे वीसतीस भाज्या मांडलेल्या असतात, आपण हव्या त्या वाढून घेतो आणि अनेक ठिकाणी ताटाच्या वजनावर पैसे देतो. सहकाऱ्यांना एकदा दुपारी तेथे घेऊन जा.

प्रश्न (बर्लिन) : कालव्याकाठच्या बाजारात घासाघीस करावी का?

उत्तर : मायबाखउफरचा, मंगळवारी आणि शुक्रवारी भरणारा बाजार आपल्या मनात असावा. तेथे भाजीच्या लिहिलेल्या भावावर वाद घालू नये. बाजार उठण्याच्या सुमारास विक्रेते स्वतःच भाव उतरवून पुकारू लागतात, तेव्हा जावे. मात्र एप्रिलपासून येणारा पांढरा शतावरीचा (ॲस्परॅगसचा) कोंब संध्याकाळपर्यंत थांबून स्वस्त घेण्याची वस्तू नाही. तो सकाळी, बुडाकडचे कापलेले टोक ओलसर पाहून घ्यावा. परंपरेने त्याचा हंगाम 24 जूनला संपतो, कारण त्यानंतरही कोंब काढले तर झाडाला पुढच्या वर्षासाठी शक्ती साठविता येत नाही.

प्रश्न (सिंगापूर) : दोन वर्षांसाठी आलो आहे. प्रसिद्ध खाद्यगाळ्यांची यादी करून दर शनिवारी एकेका रांगेत तासभर उभा राहतो. आता कंटाळा आला आहे. माझे काही चुकते का?

उत्तर : दोन वर्षे राहणाऱ्या माणसाने चार दिवसांच्या पाहुण्याप्रमाणे खाऊ नये, असे मला मनापासून वाटते. यादी बाजूला ठेवा आणि घरापासून चालत जाता येईल असे हॉकर सेंटर, म्हणजे एका छताखाली असलेल्या खाद्यगाळ्यांची जागा, निवडा.

ही सेंटरे कशी उभी राहिली, ते समजले तर यादीचा मोह कमी होईल. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची बेटभर नोंदणी 1968–69 मध्ये करण्यात आली आणि त्यानंतर 1986 पर्यंत त्यांना नळ, गटार व वीज असलेल्या गाळ्यांत हलविण्यात आले. वस्तीतील माणसांना रोजचे, परवडणारे जेवण मिळावे हा त्यांचा हेतू होता. युनेस्कोने डिसेंबर 2020 मध्ये सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, ते या रोजच्या एकत्र जेवण्याला. 2016 मध्ये तेथील दोन गाळ्यांना मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला आणि रांगा वाढल्या, हेही खरे. त्या स्वयंपाक्यांचे कसब निर्विवाद आहे. परंतु घरच्या पोह्यांसारखे रोज सकाळी खाता येईल असे काहीतरी आपल्याला अजून सापडलेले नाही, आणि कंटाळा त्याचा आहे.

सकाळी जा. तिओंग बारूसारख्या ठिकाणी खाली भाजी व मासळीचा ओला बाजार आणि वर जेवणाचे गाळे आहेत. खाली काय आले आहे ते पाहून मग वर खाण्याची सवय लावून घ्यावी. कॉफी मागावयास शिका : ‘कोपी’ म्हणजे घट्ट गोड दुधाची, ‘कोपी-ओ’ बिनदुधाची पण साखर असलेली, ‘कोपी-सी’ बिनगोड आटीव दूध व साखर घातलेली. मागे ‘कोसोंग’ म्हटले तर साखर नाही, ‘स्यू दाय’ म्हटले तर कमी. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समजून पुढे जावे. खाऊन झाल्यावर ताट परत ठेवण्याच्या जागी स्वतः नेऊन ठेवावे, कारण 2021 पासून तसे न करणाऱ्यावर कारवाई होते. कॉफीवाल्याने आपल्याला पाहताच न विचारता कप भरावयास घेतला, की मग हवे तर यादी पुन्हा काढा.

प्रश्न (मेक्सिको सिटी) : आमच्या गल्लीत दर आठवड्याला बाजार लागतो. तेथे निवडुंगाची पाने, अनोळखी पालेभाज्या, मक्यावरची काळी बुरशी असे खूप काही असते. विकत घ्यावेसे वाटते, पण घरी आणून काय करावे?

उत्तर : आपल्या गल्लीतील बाजाराला ‘तियांगीस’ म्हणतात, आणि हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतील, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याच्या आधीचा आहे. एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने 1520 साली आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात तेथील एका बाजाराचे वर्णन केले असून रोज साठ हजारांहून अधिक माणसे तेथे खरेदीविक्रीस येतात असे म्हटले आहे. आपण ज्या भाज्यांची नावे घेतली, त्यांतील पुष्कळशा तेव्हाही विकल्या जात असत.

सुरुवात निवडुंगापासून करावी. त्याला ‘नोपाल’ म्हणतात. विक्रेत्या बायका सुरीने काटे तासूनच पाने देतात, म्हणून कोवळी, तळहाताएवढी, काटे काढलेली पाने मागावीत. ती कापली की भेंडीसारखा चिकट रस सुटतो. चिकटपणा नको असेल तर अख्खे पान मीठ लावून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजावे, मग पट्ट्या कापून वर लिंबू पिळावे. रानपालेभाज्यांना एकत्रितपणे ‘केलीतेस’ म्हणतात. त्या कांदालसणावर परतल्या की पुरे. काळ्या बुरशीचे कणीस, ‘वित्लाकोचे’, पावसाळ्यात ताजे मिळते. ते कांदा व मिरचीवर मंद शिजवावे. त्याचा रंग पाहून मागे सरू नका, चव मातकट आणि फार खोल आहे.

या सर्वांबरोबर मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकरी, हवी, आणि ती चुनकळीच्या पाण्यात मका उकळून दळलेल्या ओल्या पिठाची असावी. या प्रक्रियेने मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते आणि पीठ थापण्याजोगे होते. आपण शाकाहारी असाल तर शिजवलेल्या घेवड्यात ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी, आहे का हे विचारून घ्यावे. आणि एकाच बाईकडून काही आठवडे नोपाल घेतल्यावर ती वजन झाल्यावर आणखी मूठभर काही पिशवीत टाकील. त्या वरच्या मुठीला तेथे ‘पिलोन’ म्हणतात. ती मागू नये; मिळाली तर ‘ग्रासियास’ म्हणावे आणि पिशवीत काय पडले आहे ते तिलाच विचारून, शिजवावे कसे तेही तिच्याकडूनच समजून घ्यावे.